तात्यांचं कबूल-नाकबूल

तात्यांना चपला घ्यायला दोन दिवस लागायचे. पहिल्या दिवशी इंदापूरच्या बाजारातल्या दुकानात ते सात-आठ जोड पायात घालून बघत, त्यातला एक पसंत करून घरी नेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच जोड पिशवीत घालून पुन्हा दुकानात हजर होत. स्टँडवर भिगवणची आणि बारामतीची एसटी एकदम लागली, तर भिगवणलाच जायचं असूनही ते दोन्ही पाट्या वाचूनच चढत. चहाच्या गाड्यावर कुणी ‘साखर कमी की नेहमीची’ असं विचारलं की ते खरोखर विचारात पडत.

अशा माणसाच्या हाताखाली मी वकिली शिकायला जावं, हे माझ्या वडिलांना पटलं नव्हतं. आमचं घर बारामतीजवळ जळोचीला. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिकण्याला पहिला मान, आणि मी घरातली पहिली वकील. बारामतीत चांगली मोठी ऑफिसं असताना मुलगी रोज एसटीनं इंदापूरला का जाते, हे ते शेजाऱ्यांना समजावून सांगू शकत नसत. मलाही ते नीट सांगता येत नसे. शिकत असताना मी एकदा इंदापूरचं कोर्ट बघायला म्हणून गेले होते. तिथं एक उंच, किंचित वाकलेला वकील उठला आणि साक्षीदाराला म्हणाला, “मला कळलं नाही, परत सांगा.” साक्षीदारानं परत सांगितलं. वकील पुन्हा म्हणाला, “अजून नाही कळलं.” असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी साक्षीदार स्वतःच गोंधळला आणि खरं काय ते बोलून गेला. मी थक्क झाले. हा किती मुरलेला माणूस आहे, असं मला वाटलं.

पुढे सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर काढली, आणि तो डाव होता की त्यांना खरंच कळलं नव्हतं, हे आजही मी ठामपणे सांगू शकत नाही.

त्यांच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण न्यायाधीश सोडले तर सगळे त्यांना तात्याच म्हणत. कामं सगळी फौजदारी आणि सगळी साधी. मारामारी, चोरून दारू विकणं, रस्त्यावरचे अपघात, बांधावरची भांडणं. कोर्टात अशा कामाची सुरुवात एकाच प्रश्नानं होते. आरोपीला उभं करून त्याच्यावरचा आरोप वाचून दाखवतात, समजला का म्हणून विचारतात, आणि मग विचारतात, गुन्हा कबूल आहे का. बहुतेक जण ‘समजला का’ला लगेच ‘व्हय’ म्हणतात आणि ‘कबूल आहे का’ला आपल्या वकिलाच्या तोंडाकडे बघतात. वकिलानं आधीच पढवलेलं असतं. ‘नाकबूल’ म्हण, पुढचं पुढं बघू. किंवा, किरकोळ आहे, ‘कबूल’ म्हण, दंड भर आणि मोकळा हो.

तात्या पढवत नसत. ते आरोपीला घेऊन कोर्टाच्या आवारात सायकली लावतात तिथं जात, त्याच्याबरोबर उकिडवे बसत आणि त्याला सांगत, “तुज्यावर काय आरोप हाय, त्यो मला तुज्या शब्दात सांग.” त्याला सांगता आलं नाही, तर तात्या आरोपाचा कागद वाचत, पुन्हा विचारत. तरीही जमलं नाही तर आत जाऊन पुढची तारीख मागत. मग त्याच्यापुढचे रस्ते एकेक करून सांगत. कबूल म्हणलास तर साक्षीपुरावा होणार न्हाय, शिक्षा आजच, पण गुन्हेगार म्हणून कागदावर कायमचं नाव. नाकबूल म्हणलास तर सरकारला सिद्ध करावं लागंल, तुला तारखांना यावं लागंल, वर्षंही जातील. समोरचा राजी असंल आणि कायद्यात बसत असंल तर तडजोड. आणि आता एक नवा रस्ता हाय, त्याला इंग्रजीत प्ली बार्गेनिंग म्हणत्यात, म्हणजे गुन्हा मान्य करून शिक्षा कमी करून घ्यायचा अर्ज. त्यालाही समोरच्याबरोबर बसावं लागतं.

एवढं सांगून झालं की आरोपी हमखास विचारायचा, मग मी काय म्हणू तात्या? तात्या डोकं खाजवत. “ते मला न्हाय सांगता येणार. घरी जा, एका माणसाला सगळं खरं सांग, आन् मग ये.”

याचा मला फार राग यायचा. लोक आमच्याकडे उत्तर घ्यायला येतात आणि आम्ही त्यांना प्रश्न देऊन घरी पाठवतो, असं मी एकदा त्यांना म्हणाले. त्यांनी ते मनापासून मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच वागले.

निमगावकडच्या दोन भावांचं काम होतं. दोघंही साठीच्या पुढचे, दोघांचा ऊस शेजारीशेजारी. पाण्याच्या पाळीवरून धाकट्यानं थोरल्याच्या खांद्यात काठी घातली. धाकटा आमचा आरोपी. तात्यांनी त्याला सगळे रस्ते सांगितले, तो घरी गेला, आला, आणि कोर्टात उभा राहिला. मॅजिस्ट्रेट मॅडम तरुण होत्या, कामात चोख. त्यांनी आरोप वाचला आणि विचारलं. म्हातारा म्हणाला, मारलं ते खरं, पण गुन्हा न्हाय केला. मॅडमनी समजावलं की दोन्हींपैकी एकच लिहिता येतं. म्हाताऱ्यानं विचार केला आणि म्हणाला, “मग दोन्ही लिवा. मारलं हे कबूल. गुन्हा हे नाकबूल. थोरल्यानं माझी पाळी तोडली, मी काठी मारली, आमच्यात ते फिटलं. सरकारचं मी काय केलं?”

कोर्टात हसू फुटलं. मॅडम चिडल्या नाहीत, पण त्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्या उठले, आणि मला वाटलं आता ते म्हाताऱ्याला गप्प करतील. ते म्हणाले की आरोपीचं म्हणणं त्यांनाही कळतं आहे, आणि कायद्याचंही कळतं आहे, आणि या दोन्हींचं काय करायचं ते त्यांना कळत नाही, म्हणून तारीख मिळावी. तारीख मिळाली. पुढच्या तारखेला थोरला भाऊ स्वतः आला आणि तडजोडीच्या अर्जावर अंगठा उठवून गेला. परत जाताना दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर, थोरला मागे, दुखऱ्या खांद्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर ठेवून बसलेला. तात्या ते बघत आवारात उभे राहिले. मला म्हणाले की, ताई, त्या म्हाताऱ्याचं बरोबर होतं का चूक, हे मला अजून ठरवता आलं न्हाय.

आरोपीला काय म्हणायचं ते सांगून टाकायला ते का धजत नाहीत, हे मला तिसऱ्या वर्षी समजलं. त्यांनी ते एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्याकडे लक्ष्मीबाई नावाची मासे विकणारी बाई आली होती, भिगवणची. नळावरच्या भांडणात तिच्यावर मारहाणीचा गुन्हा होता. तात्या तेव्हा घाईत असत, हातात कामं बरीच होती. त्यांनी जाता जाता तिला सांगितलं, विचारलं की ‘व्हय’ म्हणा, आज मोकळ्या व्हाल. ती ‘व्हय’ म्हणाली. किरकोळ दंड झाला आणि ती टोपली उचलून बाजार गाठायला गेली. बऱ्याच वर्षांनी ती पुन्हा आली. गावच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती, यादीत तिचं नाव वर होतं, आणि चारित्र्याच्या दाखल्याला ती जुनी शिक्षा आडवी आली. ती भांडायला आली नव्हती. तिनं एवढंच विचारलं, “तात्या, मी तवा काय म्हनले हुते?” तात्यांनी सांगितलं की तुम्ही गुन्हा कबूल केला होता. मग म्हणाली, “मला वाटलं, हजर हाय का म्हून इचारत्यात.”

ती जागा दुसरीला मिळाली. तात्यांनी अर्ज केले, खेटे घातले, पण काही झालं नाही. त्यानंतर त्यांनी कुणालाही काय म्हणायचं ते सांगितलं नाही.

हे कळल्यावर माझा राग गेला, पण गोंधळ गेला नाही. कारण न सांगण्यामुळेही माणसं अडकत होती. एक ट्रकवाला तात्यांच्या रस्त्यांना कंटाळून दुसऱ्या वकिलाकडे गेला, एका वाक्यात सल्ला घेऊन सुटला, आणि आम्हाला पेढे द्यायला आला. तात्यांनी पेढा खाल्ला. चांगला झाला, म्हणाले. पेढा की निकाल, ते मी विचारलं नाही.

आणि मग तो अपघात झाला.

तात्यांची जुनी स्कूटर होती. भिगवणहून ते दुपारी चारच्या सुमाराला परत येत होते, आणि हायवेला लागायच्या आधीच्या रस्त्यावर मारुती नावाचा माणूस सायकलवर माशांचं क्रेट बांधून चालला होता. तात्यांची स्कूटर त्याच्यावर गेली. मारुतीच्या मांडीचं हाड मोडलं. तात्यांनीच जीपगाडी थांबवून त्याला दवाखान्यात नेलं, तिथूनच पोलिसांना फोन केला, आणि मग मला. मी पोचले तेव्हा ते दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. शर्टावर माशांचे खवले चिकटले होते. मारुती उजनीच्या पाण्यावर होडी घालणारा माणूस. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तो चालेल, पण होडीत उभं राहून जाळं टाकणं यापुढे जमणार नाही.

हयगयीनं गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदला गेला. आरोपी तात्या. वकीलपत्र माझं.

आता कोर्टातले सगळे वकील त्यांना सल्ला देऊ लागले. पंचनामा कच्चा आहे, बघणारा साक्षीदार नाही, डोळे झाकून नाकबूल म्हणा. दुसरे म्हणाले, तडजोड करा, मारुती तुमच्या शब्दाबाहेर नाही. ते खरं होतं. त्याच्या घरच्या दोन जणांची कामं तात्यांनी कधीकाळी फुकट चालवली होती. दोन वकील परस्पर त्याच्याकडे गेलेही. मग तात्या स्वतः गेले, मी बरोबर होते. मारुती खाटेवर होता. तात्यांना बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि हात जोडले. म्हणाला, “तुमी म्हणाल तितं सही करतो, वकीलसायेब.”

तात्या तिथं फार वेळ बसले नाहीत. परतीच्या वाटेवर मला म्हणाले की तडजोड करायची नाही. मी कारण विचारलं. “त्यो मला विचारतच न्हाय, तात्या तुमी असं का केलं म्हणून. निस्ता सही देतो म्हणतो. असली सही घेऊन मी काय करू?”

मग राहिलं कबूल किंवा नाकबूल. मी त्यांना त्यांच्याच पद्धतीनं सायकलींपाशी नेलं. खाली बसले. म्हटलं, तुमच्यावर काय आरोप आहे तो तुमच्या शब्दांत सांगा. ते बोलायला लागले आणि थांबले. त्यांना आठवत होतं की समोर ऊन होतं, डोळ्यांवर येणारं. मग एकदम ब्रेक दाबल्याचं आठवत होतं. आणि मग मारुती जमिनीवर. मधलं काही नाही. आपण उजवीकडे गेलो की तो आला, आपलं लक्ष होतं की नव्हतं, काही सांगता येईना.

“ताई, जे मला म्हाईतच न्हाय ते मी कबूल कसं करू? आन् नाकबूल तरी कसं म्हणू?”

मी त्यांना उत्तर देऊ शकले असते. सल्ला देणं माझं काम होतं. पण त्यांच्याकडे पाच वर्षं घालवल्यावर माझी जीभ उचलली नाही. मी म्हणाले, घरी जा, काकूंना सगळं सांगा आणि या. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणते.

मला पक्कं वाटत होतं की ते कबूल म्हणतील. त्यांचा स्वभावच तसा होता. मॅडमनी आरोप वाचला, आणि नेहमीच्या आवाजात विचारलं. तात्या आरोपीच्या पिंजऱ्यात कोट न घालता उभे होते, आणि मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी सरळ मॅडमकडे बघत सांगितलं, “नाकबूल.”

बाहेर आल्यावर मी त्यांची वाट न बघता फाइल घेऊन स्टँडकडे निघाले.

मारुतीची साक्ष वर्षभरानं लागली. तो कुबडीवर आला. त्याला बसायला खुर्ची दिली. मी रात्रंदिवस ते काम वाचलं होतं आणि माझ्याकडे एक मोठी गोष्ट होती. पोलिसांपुढच्या पहिल्या जबाबात मारुतीनं सांगितलं होतं की कडेला ट्रक उभा होता म्हणून त्यानं सायकल रस्त्याच्या मध्ये घेतली. सरकारी वकिलांनी विचारल्यावर आता तो कोर्टात ट्रकाचं नावही घेत नव्हता. तो म्हणाला की तो आपल्या कडेनं चालला होता, समोरून तात्यांची स्कूटर वाकडी होत आली, त्यानं ओरडून हाक मारली, आणि तात्यांनी वर बघितलं तेव्हा उशीर झाला होता. तो हे रागानं बोलत नव्हता. फक्त सांगत होता, आणि सांगताना पहिल्यांदाच थेट तात्यांकडे बघत होता.

उलटतपासाला मी उठले. ट्रकाचा एक प्रश्न विचारला की साक्ष निम्मी गळून पडली असती. तात्यांनी पिंजऱ्यातून हात वर केला आणि मॅडमची परवानगी मागून मला जवळ बोलावलं. अगदी हळू आवाजात म्हणाले, “उलटतपास नको.”

मी म्हणाले, तात्या, जबाबात ट्रक आहे. ते म्हणाले, मला ठाऊक आहे. मी म्हणाले, मग तुम्ही नाकबूल म्हणालात कशाला? त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजपर्यंत उलटसुलट करून बघते आहे. ते म्हणाले, “कबूल म्हणलो असतो तर त्याला कुणी काही इचारलंच नसतं. मला ऐकायचं हुतं.”

मी जागेवर येऊन सांगितलं की उलटतपास नाही. सरकारी वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मॅडमनी दोनदा विचारलं.

पुरावा संपल्यावर कोर्ट आरोपीला स्वतःचं म्हणणं विचारतं. मॅडमनी मारुतीच्या साक्षीवर प्रश्न केला. तात्या म्हणाले की साक्षीदार म्हणतो ते खरं आहे असं त्यांना वाटतं. मॅडमनी लेखणी थांबवली. “वाटतं, की आहे?”

तात्यांनी मागे वळून बघितलं. मारुती मागच्या बाकावर कुबडी आडवी ठेवून बसला होता. शेवटी ते म्हणाले, “आहे, असं लिहा.”

दंड, मारुतीला भरपाई, आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा झाली. ही शिक्षा कायद्यात कैदच मानतात. तात्या मागच्या बाकावर, भिंतीच्या बाजूला जाऊन बसले. इतर कामं चालू राहिली. मला दुसऱ्या एका कामात उभं राहायचं होतं, ते मी कसं केलं आठवत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मी त्यांना स्पष्ट विचारलं की पहिला जबाबच खरा असला तर? मारुतीनं ट्रक खरंच बघितला असेल, आणि वर्षभर खाटेवर पडून त्याला सगळं वेगळं आठवायला लागलं असेल, तर तुम्ही न केलेला गुन्हा मानलात. मला वाटलं, आता तरी ते काही पक्कं सांगतील. ते म्हणाले की त्यांनीही हाच विचार केला होता, आणि पहिला जबाब मारुतीनं तात्यांना वाचवायला दिला असेल असंही त्यांना वाटत होतं, आणि मारुतीला विचारायची हिंमत त्यांना झाली नव्हती. मग त्यांनी मला डबा खायला लावला.

त्यानंतर ते कोर्टात उभे राहिले नाहीत. सनद शाबूत होती, कुणी अडवलं नव्हतं. त्यांची उरलेली कामं माझ्याकडे आली. पुढच्या हिवाळ्यात ते गेले, झोपेतच, असं काकूंनी फोनवर सांगितलं. मी अजून कुणाला काय म्हणायचं ते सांगते, कारण लोकांना सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर दिवसभर मला चैन पडत नाही. मारुती मला एकदा भिगवणच्या मासळी बाजारात वजनकाट्यापाशी बसलेला दिसला. ट्रकाचं विचारायचं म्हणून मी थांबले, आणि रोहूचा भाव विचारून निघाले.

तात्या मला आठवतात ते त्या शिक्षेच्या दिवशीचे. साडेपाचला मॅडम उठल्या, शिपायानं सगळ्यांना उभं केलं, आणि त्याबरोबर तात्यांची शिक्षा संपली. मी कागद आवरून बाहेर आले तेव्हा ते फाटकाबाहेर पोचलेही होते. त्यांचं घर कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर. मी घरापर्यंत सोबत येते म्हणून हाक मारणार होते, पण ते घराच्या वाटेला लागले नाहीत. ते स्टँडकडे गेले. मी मागे गेले. भिगवणची एसटी लागली होती आणि ते तिच्यात चढत होते. मारुतीचं गाव त्याच रस्त्याला आहे. ते तिथं उतरले की पुढं गेले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते खिडकीशी बसले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पुढच्या बाकावरच्या बाईनं काहीतरी विचारलं त्याला मान हलवली. मी हात वर केला. गाडी वळली, आणि त्यांनी मला बघितलं की ऊन डोळ्यावर आलं म्हणून हात कपाळाशी नेला, ते काही मला समजलं नाही.